साडेनऊ हजारांची गिटार आणि अकराशेंची मजुरी

बडोद्यात सूरसागराच्या काठावरील जुन्या गायनशाळेपासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, दांडिया बाजारातील एका अरुंद गल्लीत वाद्यांच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. गेल्या डिसेंबरात भाचीसाठी गिटार घेण्याच्या निमित्ताने मी तेथे चार वेळा गेलो. पहिल्या खेपेस केवळ भाव विचारायला गेलो होतो. शेवटच्या खेपेस निघताना गिटारच्या किमतीविषयीची माझी समजूत पुष्कळ बदललेली होती. दुकानाचे नाव प्रसिद्ध करू नये अशी मालकांची विनंती आहे, कारण दुरुस्तीचे काम करणारे कारागीर एकच असून हाती असलेले कामच त्यांना पुरून उरते. तरीही गल्लीत शिरून गिटारवाले काका कोठे बसतात असे विचारले, तर कोणीही जागा दाखवील.

मी स्वतः गिटार वाजवत नाही. बडोद्याजवळ दशरथ येथील कंटेनर डेपोत येणाऱ्या मालाची सीमाशुल्काची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी गेली एकवीस वर्षे करीत आहे, आणि त्यामुळे कोणतीही परदेशी वस्तू हाती घेतली की तिच्या किमतीतील कोणता रुपया कोठे गेला असेल याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. भाचीचा विचार निराळा होता. तिच्या मैत्रिणीने वर्षभरापूर्वी घेतलेली गिटार दोन महिन्यांत कपाटावर गेली होती, कारण तारा दाबताना बोटे इतकी दुखत की सराव करण्याची इच्छाच उरत नसे. "मामा, स्वस्त घे, महाग घे, पण तारा दाबता येतील अशी घे," एवढीच तिची अट होती, आणि पुढे लक्षात आले की गिटारच्या किमतीचे सारे शास्त्र त्या एका अटीपाशी येऊन थांबते.

या दुकानात येण्यापूर्वी आम्ही शहराच्या पश्चिमेकडील एका मोठ्या शोरूममध्ये गेलो होतो. भाव वाढले आहेत ते अमेरिकेने लावलेल्या आयात शुल्कामुळे, असे तेथील विक्रेत्याने सांगितले. हेच कारण मी नंतर आणखी दोघांकडून ऐकले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. आयात शुल्क हे माल ज्या देशात उतरतो त्या देशाचे सरकार तेथील आयातदाराकडून वसूल करते. अमेरिकेने २ एप्रिल २०२५ रोजी इंडोनेशियाच्या मालावर ३२ टक्के शुल्क जाहीर केले आणि जुलैमधील समझोत्यानंतर ते १९ टक्क्यांवर आणण्याचे ठरले, ही गोष्ट खरी आहे. परंतु इंडोनेशियातील सुराबायाहून निघून न्हावाशेवा किंवा मुंद्रा बंदरात उतरणारी गिटार अमेरिकेच्या वाटेने येत नाही आणि तिच्यावर ते शुल्क लागत नाही. कॅलिफोर्नियात किंवा नॅशव्हिलमध्ये तयार होणाऱ्या महागड्या गिटारांवर त्याचा आडून परिणाम होऊ शकतो, कारण तेथील कारखान्यांना बाहेरून येणारे लाकूड आणि धातूचे भाग महाग पडतात आणि तो खर्च किमतीत मिसळून आपल्यापर्यंत पोहोचतो. मात्र लाखाच्या घरातील त्या गिटारांचा बाजार वेगळा आणि नवशिक्याच्या दहा हजारांच्या गिटारचा बाजार वेगळा.

दांडिया बाजारातील दुकानदारांनी अशी कोणतीही कारणे सांगितली नाहीत. त्यांनी बिल लिहून पुढे ठेवले: गिटारची किंमत ८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,४४० रुपये, एकूण ९,४४० रुपये. गिटार चीनमध्ये तयार झालेली होती. तिचे आयात मूल्य ग्राहकाच्या बिलावर असण्याचे कारण नाही, परंतु ते उदाहरणासाठी ५,००० रुपये धरले, तर हिशेब असा मांडता येतो. बंदरावर मूळ सीमाशुल्क १० टक्के, म्हणजे ५०० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ५० रुपये. आणि या ५,५५० रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, ९९९ रुपये. व्यापारी मंडळी एकूण शुल्क जवळजवळ ३१ टक्के आहे असे सांगतात ते या तिन्हींची बेरीज करून. ती बेरीज चुकीची नाही, पण तिच्यातून निघणारा अर्थ बहुधा चुकीचा काढला जातो. आयजीएसटीचे ९९९ रुपये आयातदाराला पुढील विक्रीच्या करातून वळते करून घेता येतात, त्यामुळे ते त्याच्या खर्चात राहत नाहीत. राहतात ते ५५० रुपये. त्यांची वजावट कोणालाही मिळत नाही, आणि म्हणूनच ते किमतीच्या पोटात शिरून पुढे वाढत जातात.

ते कसे वाढतात हे पाहण्यासारखे आहे. ५,५५० रुपयांना पडलेली गिटार ८,००० रुपयांना विकली जाते, तेव्हा मधल्या २,४५० रुपयांत गोदामाचे भाडे, बंदरापासूनची वाहतूक, वाटेत मोडलेल्या नगांचा तोटा, आयातदाराचा, वितरकाचा आणि दुकानदाराचा नफा असे सर्व काही येते. नफा टक्केवारीने धरला जात असल्याने तो शुल्काच्या रकमेवरही धरला जातो, आणि शेवटी त्या सगळ्यावर १८ टक्के कर लागतो. अशा रीतीने सरकारच्या तिजोरीत ५५० रुपये म्हणून गेलेले सीमाशुल्क ग्राहकाच्या बिलात सुमारे ९३५ रुपये होऊन उतरते. म्हणजे उद्या हे शुल्क पूर्णपणे उठवले गेले आणि त्याचा सर्व लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला, तरी ९,४४० रुपयांची गिटार साडेआठ हजारांच्या आसपास येईल, त्याहून खाली नाही. आसियान देशांशी झालेल्या, २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारामुळे इंडोनेशियासारख्या देशातून येणाऱ्या मालाला मूळ शुल्कात सवलत मिळू शकते. त्यासाठी माल तेथेच तयार झाल्याचा दाखला, ज्याला आमच्या व्यवसायात फॉर्म एआय म्हणतात, जोडावा लागतो आणि २०२० पासून त्याची तपासणी बरीच कडक झाली आहे. एकाच दर्जाच्या चिनी आणि इंडोनेशियन गिटारच्या किमतीत कधीकधी दिसणाऱ्या फरकामागे हाही एक धागा असतो.

शुल्कापेक्षा मोठे काम रुपयाच्या घसरणीने केले आहे. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. कारखान्याने डॉलरमधील भाव एका सेंटनेही वाढवला नाही असे मानले, तरी ६० डॉलरची गिटार बंदरावरच ४,५०० रुपयांऐवजी ५,४०० रुपयांची होते, आणि वर सांगितलेल्या क्रमाने हे ९०० रुपये ग्राहकापर्यंत येईतो १,७०० रुपयांच्या घरात जातात. शोरूममधील विक्रेत्याने हे सांगितले असते तर मी त्याचे म्हणणे मान्य केले असते.

आता मजुरीविषयी. या दुकानाने मला जे शिकवले ते येथून सुरू होते. गिटार हे यंत्राने होणारे काम आहे अशी माझी कल्पना होती. दुरुस्ती करणारे काका म्हणाले की दांडीचा आकार आणि खोबणी यंत्र कोरते, पण पोटाच्या आतील आधारपट्ट्या चिकटवणे, बाजूच्या पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून साच्यात बसवणे, कडा बांधणे, थरांवर थर दिलेले पॉलिश घासून चमकवणे आणि दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, बसवून त्यांची टोके गोल करणे यांत अजूनही माणसाचे हात लागतात. जेथे हात लागतात तेथे तासाचा दर लागतो, आणि गिटारचा उद्योग गेली पन्नास वर्षे त्या दराच्या मागे देश बदलत आला आहे. सत्तरच्या दशकात जपानी गिटार स्वस्त म्हणून ओळखल्या जात. १९८५ नंतर येन महाग झाला तसे काम दक्षिण कोरियाकडे सरकले, आणि कोरियातील मजुरी वाढली तसे ते इंडोनेशिया आणि चीनकडे गेले. फेंडर या अमेरिकी कंपनीने १९८७ साली सीमेपलीकडे मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कारखाना काढला. कोरियातील कॉर्ट कंपनीने २००७ च्या सुमारास तेथील कारखाने बंद केले, आणि कामावरून काढल्या गेलेल्या कामगारांचा लढा २०१९ पर्यंत चालला. दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारांवरील "येथे निर्मित" अशा लहानशा छापामागे ही सारी स्थलांतरे आहेत, हे मला त्या दिवसापूर्वी कधी जाणवले नव्हते.

दरांतील अंतर किती आहे हे दोन आकड्यांवरून कळेल. कॅलिफोर्नियात २०२५ साली किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होते. सुराबाया शहरात त्याच वर्षी किमान मासिक वेतन सुमारे ५० लाख रुपिया, म्हणजे साधारण ३०० डॉलर होते. चाळीस तासांच्या आठवड्याने भागल्यास ते तासाला पावणेदोन डॉलरच्या आसपास पडते. नऊ-दहा पटींचे हे अंतर दहा टक्क्यांच्या सीमाशुल्काने भरून निघणे शक्यच नाही. म्हणूनच शुल्क वाढले किंवा घटले, तरी नवशिक्याची गिटार कोठे तयार होईल हे मुख्यतः मजुरी ठरवते. याच कारणाने भारतात गिटार तयार होणे ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. कोलकात्यात गिटार बनवणारे कारखाने पूर्वीपासून आहेत, आणि यामाहाने २०१९ मध्ये चेन्नईजवळ आपला कारखाना सुरू केला. भारतात तयार झालेल्या गिटारवर तयार वाद्याचे सीमाशुल्क लागत नाही. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या तारांवर आणि खुंट्यांवर मात्र ते द्यावे लागते.

परंतु स्वस्त मजुरीच्या देशातही मजुरी फुकट नसते, आणि दहा हजारांच्या गिटारमध्ये कारखाना वेळ कोठे वाचवतो हे काकांनी आम्हाला प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी नवी गिटार मांडीवर घेतली, जाड तार तिसऱ्या पडद्याजवळ दाबली आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली उरलेली फट भाचीला पाहायला सांगितली. ही फट केसभर असावी. तेथे पोस्टकार्ड सहज सरकले असते. दांडीच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवरून जातात, त्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्या नव्हत्या. खाच खोल करणे हे नाजूक काम आहे. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि एक घासा जास्त झाला तर तार पडद्यावर आपटून खरखरते व नट बदलावा लागतो. उंच ठेवलेला नट कधी खरखरत नाही, दुकानात वाजवून पाहताना तो निर्दोष वाटतो, आणि म्हणून गिटार परत येत नाही. कारखान्याच्या दृष्टीने ती पाच मिनिटांची बचत असते. शिकणाऱ्या मुलीला मात्र प्रत्येक स्वरमेळ दाबताना दुप्पट जोर लावावा लागतो, आणि एवढ्या उंचीवरून तार खाली दाबली की ती ताणली जाऊन स्वरही चढा लागतो, म्हणजे बोट दुखते आणि वर गिटार बेसूर वाटते. "तिकडे हे करणारा माणूस आहे, पण त्याला वेळ दिलेला नाही," असे काका म्हणाले. मैत्रिणीची गिटार कपाटावर का गेली ते भाचीला तेथेच कळले.

काकांनी गिटार लगेच दुरुस्तीला घेतली नाही, याचाही उल्लेख केला पाहिजे. बंद कंटेनरमधून आणि गोदामातून आलेल्या लाकडाला बडोद्याच्या हवेची सवय होऊ द्यावी, म्हणून त्यांनी ती आठ दिवस खोक्याबाहेर दुकानातच ठेवून घेतली. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा लाकूड आक्रसते आणि श्रावणात ते ओलावा घेऊन फुगते. पोटाचा वरचा पातळ फळा थोडा वर आला की त्यावरची घोडी, म्हणजे तारांना खालच्या टोकाशी आधार देणारा तुकडा, वर येते आणि तिच्याबरोबर ताराही. आठवड्यानंतर त्यांनी दांडीतील सळई ॲलन कीने पाव फेरा फिरवून दांडीचा बाक कमी केला, नटच्या सहाही खाचा खोल केल्या, घोडीवरील प्लास्टिकची पट्टी खालून घासून बसवली, उंच राहिलेले दोन पडदे सपाट केले आणि बाकीचे घासून गुळगुळीत केले. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची साडेतीन मिलिमीटर होती, ती अडीचवर आली. या कामाची मजुरी अकराशे रुपये झाली आणि नव्या तारांचे साडेचारशे रुपये वेगळे लागले. अडीच तासांचे काम समोर बसून पाहिल्यानंतर ही मजुरी मला कमी वाटली. गिटारवरील जीएसटीच त्याहून अधिक आहे.

माझी आत्या गायनशाळेत सतार शिकली. मिरजेहून आणलेली तिची सतार दर दोन-तीन वर्षांनी जवारी काढण्यासाठी, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून तारांचा झंकार जुळवून घेण्यासाठी, कारागिराकडे जात असे, आणि जवारी न काढलेली सतार वाजवणे म्हणजे काय हे आमच्या घरात मुलांनाही माहीत होते. गिटारच्या नटचे आणि घोडीचे हे काम त्याच जातीचे आहे, परंतु गिटार खोक्यातून काढली की तयार असते अशी समजूत दुकानदारांनी आणि आपण मिळून रूढ केली आहे. कराच्या बाबतीतही या दोन वाद्यांत मोठे अंतर आहे. हाताने बनवलेल्या सतार, सरोद, तंबोरा अशा देशी वाद्यांवर जीएसटी नाही. गिटारवर तो सुरुवातीला २८ टक्के होता आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये १८ टक्क्यांवर आला. देशी वाद्यांना दिलेली सूट योग्यच आहे. तथापि दक्षिणेतील शिसवीचे लाकूड परदेशी कारखान्यांत जाते आणि गिटार होऊन शुल्क भरत परत येते, हे माझ्या टेबलावरून जाणाऱ्या कागदपत्रांत पाहिल्यावर, येथेच हाताने गिटार बनवणाऱ्या कारागिरालाही थोडी सवलत मिळावी असे मनापासून वाटते.

दुकानाच्या उणिवा सांगितल्या नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. गल्लीत दुचाकीसुद्धा उभी करता येत नाही. न्याय मंदिराच्या बाजूला गाडी ठेवून चालत जावे लागते. मांडलेल्या गिटार पंधरा-सोळाच आहेत आणि डावखुऱ्यांसाठी एकही नाही. सांगितलेल्या दिवसापेक्षा काम चार दिवस उशिरा मिळाले, आणि उशीर होणार असल्याचे दुकानातून कोणी कळवले नाही, मलाच फोन करावा लागला. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज तोंडी सांगतात, लिहून देत नाहीत. आमच्या बाबतीत तो तंतोतंत पाळला गेला, तरी महागडे वाद्य दुरुस्तीला देणाऱ्याने तो लिहून मागावा. शोरूममध्ये हीच गिटार आठशे रुपयांनी स्वस्त मिळत होती, पण तेथे नटकडे बोट दाखवल्यावर "वापरून वापरून बसेल" असे उत्तर मिळाले. नट वापरून बसत नाही.

पंधरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी असलेल्या पालकांना माझे सांगणे असे राहील की त्यांनी दहा हजारांच्या आतली, पोटाचा फळा सपाट आणि दांडी सरळ असलेली गिटार निवडावी, आणि दीड-दोन हजार रुपये अशा कारागिरासाठी राखून ठेवावेत. थेट पंधरा हजारांची गिटार घेतली तर लाकूड आणि पॉलिश अधिक चांगले मिळेल, परंतु नटच्या खाचा त्याही किमतीत बहुधा उंचच सापडतात. खरेदी करताना तिसऱ्या पडद्याजवळ तार दाबून पहिल्या पडद्यावरील फट पाहावी; विक्रेत्याच्या कोणत्याही वर्णनापेक्षा ती फट अधिक खरे सांगते.

भाची रोज चाळीस मिनिटे वाजवते. पहिला पावसाळा संपला की गिटार पुन्हा घेऊन या, दांडी किंचित हलली असेल, तेवढे काम मी पैसे न घेता करून देईन, असे काकांनी निघताना सांगितले आहे, आणि नवरात्रानंतरची तारीख त्यांच्या वहीत आमच्या नावावर लिहिलेली आहे.